ओटमील स्टाउट पारखताना

बिअरच्या स्पर्धांमध्ये परीक्षकांच्या हाती गुणांचा एक कागद असतो. त्यात ५० पैकी दिसण्याला फक्त ३ गुण असतात. वासाला १२, चवीला २०, तोंडात जाणवणाऱ्या पोताला ५ आणि एकूण परिणामाला १०. ही विभागणी ‘बिअर जज सर्टिफिकेशन प्रोग्रॅम’ या १९८५ साली अमेरिकेत सुरू झालेल्या संस्थेची, आणि घरगुती ब्रुअरांच्या स्पर्धांमध्ये ती जगभर वापरली जाते. आपल्याकडे मात्र स्टाउट या गडद बिअरचा पेला समोर आला की निम्मे गुण रंगच खाऊन जातो. काळीकुट्ट आहे, म्हणजे कडक असणार, चढणार, असं मानून लोक एक तर हात आखडता घेतात किंवा उगाच भारावून जातात. ओटमील स्टाउटमध्ये मद्यार्काचं प्रमाण साधारण ४.२ ते ५.९ टक्के असतं. दुकानात ‘स्ट्राँग’ म्हणून मिळणारी पिवळीधमक बिअर बहुतेक वेळा याहून जास्त कडक असते. काळा रंग येतो तो खूप भाजलेल्या जवामुळे आणि माल्टमुळे, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या धान्यामुळे. त्याचा नशेशी काही संबंध नाही.

हे रायपूरच्या ब्राह्मणपाऱ्यात बसून लिहिण्याला कारण आहे. ब्राह्मणपारा, तात्यापारा, बुढापारा या जुन्या वस्त्यांतल्या मराठी घरांतली मुलं शिकायला आणि नोकरीला पुण्या-मुंबईला जातात, तिथे मायक्रोब्रुअरीत बसतात आणि सुट्टीत घरी आली की ‘इथे काही मिळत नाही’ म्हणतात. वास्तविक रायपूरहून तासाभराच्या अंतरावर, दुर्गला, सोना बेव्हरेजेसची ब्रुअरी आहे. २०१६मध्ये बाजारात आलेली ‘सिंबा’ ही क्राफ्ट बिअर त्यांचीच, आणि तिच्या प्रकारांत स्टाउटही आहे. जी चीज आपल्या उंबरठ्याशी तयार होते ती आपल्याला नीट पारखता यावी, एवढीच माझी इच्छा आहे. स्टाउट कोणत्याही घरची असो, बाटलीवरची घटकांची यादी वाचा. ओट्स लिहिलेले असतील तरच हा लेख पूर्णपणे तिला लागू होतो. नसतील, तर पोताबद्दलचा भाग सोडून बाकीचा लागू होतो.

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आधीच सांगतो. ओट्सची चव शोधू नका. नाव वाचून लोक पहिल्या घोटातच ‘यात ओट्स कुठे आहेत?’ असं विचारतात आणि निराश होतात. ब्रुअर एकूण धान्याच्या साधारण ५ ते २० टक्के ओट्स घालतो. त्यातून क्वचित बिस्किटासारखा, किंचित सुक्या मेव्यासारखा गंध येतो, पण तेवढाच. ओट्सचं खरं काम जिभेवरच्या स्पर्शात असतं. ओट्समध्ये बीटा-ग्लुकन नावाचा विरघळणारा तंतुमय पदार्थ भरपूर असतो. तो पाण्यात उतरला की द्रवाला बुळबुळीत न करता एक मऊ, रेशमी दाटपणा देतो. भाजलेल्या जवाचा तुरटपणा आणि कडवटपणा त्या मऊपणात गुंडाळला जातो. ओटमील स्टाउट चांगली की वाईट, हे इथेच ठरतं. गुणांच्या कागदावर पोताला ५ गुण असले तरी चवीचे २० गुण मिळणार की नाही हेही बरंचसं त्या पोतावरच अवलंबून असतं.

यासाठी जीभ तयार करावी लागते, आणि ते काम स्वयंपाकघरात फुकटात होतं. दोन चमचे ओट्स दोन कप पाण्यात पाच मिनिटं उकळा, गाळून घ्या, गार करा. आता एक घोट साध्या पाण्याचा घ्या आणि एक या पाण्याचा. चवीत जवळपास फरक नाही. पण दुसरा घोट जिभेच्या कडांवर थोडा रेंगाळतो, टाळ्याला अस्तर लावल्यासारखा वाटतो. ती जाणीव लक्षात ठेवा. पेल्यात तुम्हाला तीच शोधायची आहे.

दुसरा प्रयोग भाजणीचा. मूठभर जव घ्या, किराणा दुकानात सातू म्हणूनही मिळतात. लोखंडी तव्यावर मंद आचेवर भाजायला घ्या. दाणे पोळीच्या डागासारखे तपकिरी झाले की एक तृतीयांश काढून घ्या. उरलेले कॉफीच्या बियांसारखे गडद झाले की निम्मे काढा. राहिलेले पार काळे होऊ द्या. खिडकी उघडी ठेवा, धूर होतो. गार झाल्यावर तिन्ही ढिगांचा वास घ्या आणि प्रत्येकातला एकेक दाणा सावकाश चावा. पहिल्याला सातूच्या पिठाचा ओळखीचा खमंग वास येतो. दुसऱ्यात कोको आणि कॉफीची सुरुवात होते, जिभेच्या मागच्या बाजूला कडवटपणा येतो, पण तो हवाहवासा असतो. तिसरा दाणा राखेसारखा लागतो, आणि तो थुंकल्यावरही घसा कोरडा राहतो. स्टाउटमध्ये ब्रुअर या तिन्ही टप्प्यांशी खेळत असतो. थालीपिठाच्या भाजणीत एकच धान्य करपलं तर सगळ्या पिठाला जळका वास लागतो, तसंच इथेही होतं. काळ्या माल्टचं प्रमाण जरा चुकलं की पुढचं सगळं त्याच्याच ताब्यात जातं. खरपूस आणि करपट यांतला फरक तव्यावर एकदा कळला की पेल्यात तो चटकन ओळखू येतो.

आता प्रत्यक्ष चाखण्याकडे येऊ. एका बैठकीला माणशी ६० ते १०० मिलिलिटर पुरेसे. पारख करायची तर जास्त पिऊन उपयोग नाही, तिसऱ्या पेल्यानंतर जीभ खोटं बोलायला लागते. छत्तीसगडमध्ये मद्य घेण्याचं किमान वय २१ आहे. गाडी चालवून परत जाणाऱ्याने, औषधं चालू असणाऱ्याने, गरोदर बाईने फक्त वास घ्यावा. वासाचे १२ गुण त्यांनाही देता येतात, आणि खरं सांगायचं तर न पिणाऱ्यांचं नाक बऱ्याचदा सगळ्यांत तिखट असतं.

तापमानावर थोडं रेंगाळायला हवं, कारण रायपूरमध्ये सगळा घोळ तिथेच होतो. मे महिन्यात पारा ४२-४३ अंशांवर असताना बर्फगार बिअर प्यावीशी वाटणं स्वाभाविक आहे. पण ४ अंशांवरची स्टाउट म्हणजे नुसतं गार, कडवट पाणी. वास उडतच नाहीत, जीभ बधिर होते, ओट्सचा मऊपणाही हरवतो. ही बिअर १० ते १३ अंशांच्या आसपास उमलते. उन्हाळ्यात बाटली फ्रिजमधून काढून दहा-पंधरा मिनिटं, हिवाळ्यात अर्धा तास बाहेर ठेवा. जानेवारीच्या रात्री इथे पारा १२-१३ अंशांपर्यंत उतरतो, तेव्हा व्हरांड्यात थोडा वेळ ठेवलेली बाटली आपोआप योग्य तापमानाला येते. स्टाउट चाखायला आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीसारखे दिवस नाहीत. घाई असेल तर पेला दोन्ही तळव्यांत धरून बसा.

पेला काचेचा, शक्यतो तोंडाशी थोडा निमुळता. घरात वाइनचा ग्लास असेल तर उत्तम. स्टीलचे पेले नकोत. भांड्यांच्या साबणाचा अंश किंवा तेलाचा ओशटपणा राहिला तर फेस बसतो, म्हणून ग्लास नुसत्या गरम पाण्याने पुन्हा खळखळून घ्या आणि उपडा वाळू द्या. चाखण्याआधी तासभर पान, सुपारी, तंबाखू, कच्चा कांदा आणि झणझणीत काहीही नको. मध्ये मध्ये तोंड स्वच्छ करायला साधं पाणी आणि बिनमिठाचे मुरमुरे पुरतात. ठेठरीची बशी समोर असेल तर ती तेवढा वेळ झाकून ठेवा, तिच्यातलं तेल, मीठ आणि ओवा यांपुढे कुठलीच स्टाउट टिकत नाही.

ग्लास तिरका धरून ओतायला सुरुवात करा आणि शेवटच्या तिसऱ्या हिश्शाला सरळ करा. फेस दोन बोटं चढावा, त्याचा रंग पांढरा नसून फिकट तपकिरी, दुधाळ कॉफीसारखा असावा. ओट्समधली प्रथिनं फेस धरून ठेवायला मदत करतात, पण त्यांच्यात जवापेक्षा स्निग्धांशही जास्त असतो आणि तो फेसाच्या मुळावर उठतो. त्यामुळे फेस मिनिटाभरात पूर्ण विरला तर एक गुण कापा, पण तेवढ्यावरून बिअर बाद करू नका. मोबाइलचा टॉर्च ग्लासच्या तळाशी धरा. कडांना डाळिंबी झाक दिसली तर छान, नाही दिसली तरी हरकत नाही. दिसण्याचा विषय इथे संपला.

वास लगेच घ्या, कारण पहिल्या अर्ध्या मिनिटात जे उडून जातं ते परत येत नाही. ग्लास हलकेच फिरवा आणि लांब श्वास न घेता छोटे छोटे दोन-तीन हुंगे घ्या. कॉफी, कोको, भाजलेला पाव, काकवी, क्वचित मनुका, असे वास यावेत. इंग्लिश यीस्ट वापरलं असेल तर हलका फळांचा वास येतो. हॉप्स या कडू फुलांचा वास या प्रकारात मागे राहतो, मातकट किंवा फुलांसारखा, पुसटसा. रायपूरच्या इंडियन कॉफी हाउसमधली बिनदुधाची कॉफी ज्यांच्या नाकात बसली आहे, त्यांना हा भाग सोपा जातो.

दोषही वासातच आधी पकडले जातात. उकडलेल्या मक्याचा किंवा शिजलेल्या कोबीचा वास आला तर वर्ट, म्हणजे आंबवण्याआधीचा धान्याचा गोड काढा, नीट उकळलेला नाही किंवा गार करायला उशीर झालेला आहे. हिरव्या सफरचंदाचा वास म्हणजे आंबण्याची क्रिया पुरी व्हायच्या आधीच बिअर बाहेर काढली. ओल्या पुठ्ठ्याचा वास म्हणजे ऑक्सिजन लागला. आपल्या भागात हा शेवटचा दोष जास्त भेटतो, कारण उष्णतेने ही क्रिया झपाट्याने होते आणि उन्हाळ्यात ट्रक, गोदाम, दुकान असा प्रवास करून आलेल्या बाटलीने काय सोसलं असेल ते सांगायला नको. २०१७पासून छत्तीसगडमधली दारूची दुकानं सरकारी महामंडळाकडे आहेत. दुकान कुणाचंही असलं तरी बाटली हातात घेऊन उत्पादनाची तारीख वाचायचा हक्क ग्राहकाचाच. तीन महिन्यांच्या आतली मिळाली तर तीच घ्या, उन्हात मांडलेली घेऊ नका, आणि घरी आणल्यावर उभी, अंधारात, गारव्यात ठेवा.

लोण्याच्या वासाबद्दल वेगळं सांगायला हवं. डायअॅसिटिल नावाचं एक रसायन यीस्ट स्वतः तयार करतं आणि पुरेसा वेळ मिळाला तर स्वतःच शोषून घेतं. ब्रुअरने घाई केली की ते बिअरमध्ये राहतं आणि बटर पॉपकॉर्नसारखा वास येतो. ओटमील स्टाउटमध्ये हा दोष फसवा असतो, कारण डायअॅसिटिलमुळे तोंडातही एक निसरडा गुळगुळीतपणा येतो आणि नवखा माणूस त्याला ओट्सचा मऊपणा समजून गुण देऊन टाकतो. ओळखायची खूण अशी, की ओट्सच्या मऊपणाला वास नसतो. गुळगुळीतपणाबरोबर नाकात लोणी आलं तर श्रेय ओट्सला देऊ नका.

आता घोट. लहान घ्या, पण इतकाही लहान नको की जिभेचं टोकच भिजेल. तोंडात सगळीकडे फिरवा, गिळा, मग नाकातून श्वास सोडा. स्टाउट चाखताना वाइनसारखं थुंकू नका, कारण कडवटपणा जिभेच्या मागच्या भागावर आणि घशाशी जास्त कळतो. क्रमाने लक्ष द्या. सुरुवातीला माल्टचा गोडवा, मधे भाजल्याची चव, शेवटी हॉप्सची आणि काळ्या धान्याची कडवट किनार. तिन्ही ओळखू यायला हव्यात आणि एकीने दुसरीला दाबता कामा नये. ओटमील स्टाउट कोरड्या आयरिश स्टाउट आणि गोड मिल्क स्टाउट यांच्या मधोमध उभी असते. घोट संपल्यावर जीभ गोडाने चिकट झाली तर ती मिल्क स्टाउटकडे झुकली, घसा खडखडीत झाला तर आयरिशकडे. मिल्क स्टाउटमध्ये दुधातली साखर, लॅक्टोज, घातलेली असते आणि ती यीस्टला पचत नाही म्हणून गोडवा मागे राहतो. दूध न पचणाऱ्यांनी ते लेबलावर बघून घ्यावं.

आंबटपणा हा आपल्या प्रांतात थोडा नाजूक प्रश्न आहे. बस्तरमध्ये तांदळाची लांदा पितात, घरोघरी बोरे बासी, म्हणजे पाण्यात भिजवून ठेवलेला भात, खाल्लं जातं, आणि या आंबूसपणाला आपली जीभ सरावलेली आहे. लांदाचा तो धर्मच आहे. स्टाउटमध्ये भाजलेल्या धान्यामुळे अगदी हलकी, कॉफीसारखी आंबट धार येते आणि ती चालते. पण ताकासारखा किंवा व्हिनेगरसारखा आंबटपणा आला तर नको ते जिवाणू शिरलेत, आणि तिथे लांदाचं माप लावून बिअरला माफ करू नये.

पोत तपासायची एक युक्ती मला फार उपयोगी वाटते. काही स्टाउट नळातून नायट्रोजनच्या दाबाखाली येतात. नायट्रोजनचे बुडबुडे अतिशय बारीक असतात आणि नुसत्या वायूमुळेच बिअर सायीसारखी लागते. त्या सायीचं श्रेय पुन्हा ओट्सला जातं. म्हणून अर्धा ग्लास पिऊन झाल्यावर उरलेल्या बिअरमध्ये चमचा घालून ती मिनिटभर जोरात ढवळा, वायू जाऊ द्या, फेस बसू द्या. मग घोट घ्या. मऊपणा नुसता वायूचा असेल तर तो एव्हाना गेलेला असेल आणि बिअर पाण्यासारखी पातळ लागेल. ओट्सचा मऊपणा राहतो, गेलेल्या वायूशी त्याचं देणंघेणं नसतं. त्या ओट्सच्या पाण्याची आठवण इथे कामी येते. उलट बाजूही बघा, ओट्सचा हात सैल झाला असेल तर बिअर जिभेवर तेलकट लागते, घोट गिळल्यावरही सरकत नाही. तोही दोषच. आणि घोटानंतर चहाच्या चोथ्यासारखा तुरटपणा दातांवर बसला, तर धान्य गरजेपेक्षा जास्त धुतलं गेलं किंवा काळा माल्ट जास्त पडला.

नावावर विसंबू नये याला जुना दाखला आहे. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी ब्रिटनमध्ये ओट्स पौष्टिक, आजाऱ्यांना मानवणारे म्हणून खपत होते आणि ब्रुअऱ्यांनी ते नाव उचललं. लंडनच्या काही ब्रुअऱ्यांच्या जुन्या नोंदींत ओट्सचं प्रमाण एक टक्क्याच्याही खाली सापडतं, म्हणजे लेबलापुरतं. पुढे हा प्रकार जवळपास विस्मरणात गेला आणि १९८०मध्ये यॉर्कशरमधल्या टॅडकॅस्टरच्या सॅम्युअल स्मिथ ब्रुअरीने तो पुन्हा काढला. आज जगभर बनणाऱ्या ओटमील स्टाउटचा वंश बहुतांशी तिथून सुरू होतो.

पुण्याला किंवा मुंबईला गेलात तर मायक्रोब्रुअरीत ताजी चाखायची संधी घ्या. पुण्यात २००९मध्ये डूलाली सुरू झाली आणि त्यानंतर महाराष्ट्रात हा व्यवसाय रुजला. तिथे पूर्ण ग्लास मागवण्याआधी चाखण्याचा छोटा ग्लास मागा आणि ब्रुअर हजर असेल तर विचारा: ओट्स किती टक्के, पोहे केलेले की माल्ट केलेले, पिंप कधी लावलं? आपल्या कामावर प्रेम करणारा ब्रुअर या प्रश्नांनी खूश होतो आणि पुढची माहिती आपणहून देतो. तिथून बाटली भरून रायपूरला आणण्याचा मोह मात्र टाळा. अबकारी कायदे राज्याराज्यांचे वेगळे आहेत, आणि परवान्याशिवाय दुसऱ्या राज्यातली बिअर आणणं महागात पडतं.

गुण देताना सगळ्यांनी आधी गप्प बसून लिहावं. कुणी एकाने मोठ्याने ‘कॉफी!’ म्हटलं की सगळ्यांच्या नाकात कॉफी शिरते. ‘छान’, ‘मस्त’, ‘ठीक’ हे शब्द कागदावर नकोत. असं लिहा: ‘वास: कोको ठळक, काकवी मध्यम, लोणी नाही. चव: सुरुवात गोडसर, मधे कॉफी, शेवट किंचित करपट. पोत: मऊ, वायू गेल्यावरही मऊ.’ एवढं लिहिल्यावर आकडा आपोआप सुचतो. ३० ते ३७ गुण म्हणजे खूप चांगली, ३८च्या पुढे उत्कृष्ट, ४५च्या पुढे विरळा. पहिल्याच बैठकीत ४५ देऊ नका, नाहीतर पुढे चढायला जागा उरत नाही. आवड आणि पारख वेगळी ठेवा. तुम्हाला कडवट आवडत नसेल तरी कडवटपणा जागच्या जागी असेल तर गुण द्यावेच लागतात.

कागद गोळा झाल्यावर झाकलेली बशी उघडा. ठेठरी आता खुशाल खा, पण स्टाउटशी खरी जमते ती खुरमी. गूळ आणि कणकेचा तो खुसखुशीत गोडवा काळ्या माल्टच्या कडवटपणाला बरोबर उतरतो. थालीपीठ आणि पांढरं लोणी हेही चालेल, मिरची मात्र हात राखून. पुढच्या महिन्यात त्याच नावाची दुसऱ्या तारखेची बाटली आणा, जुने कागद न बघता पुन्हा गुण द्या आणि मग दोन्ही कागद शेजारी ठेवा. आकड्यांत पाच-सहा गुणांहून जास्त फरक पडला, तर आधी दोन्ही बाटल्यांच्या तारखा ताडून बघा.